हरकत नसावी

मुरबाडच्या पुढे सरळगाव सोडून आत वळले की डोंगराच्या पायथ्याला एक लहानसे गाव लागते. आमच्या महाविद्यालयाचे राष्ट्रीय सेवा योजनेचे सात दिवसांचे शिबिर एका डिसेंबरात तिथे भरले होते. मुले श्रमदानाला गेली होती आणि अस्मादिक प्राध्यापक, म्हणजे श्रमाच्या कामी निरुपयोगी, जिल्हा परिषदेच्या शाळेच्या ओट्यावर ऊन खात बसलो होतो. तेवढ्यात गुरुजींना पंचायतीतून बोलावणे आले. "घटकाभर तिसरी-चौथी सांभाळता का, सर?" म्हणून ते गेले आणि मी वर्गात जाऊन बसलो.

पाच-सात मिनिटांनी दारात एक पोरगा येऊन उभा राहिला. हात नुकतेच धुतलेले, सदऱ्याला पुसलेले. एका दमात म्हणाला, "मेकमिन्सर?"

मी म्हटले, "ये, ये."

तो उभाच. त्याला ऐकू आले नसावे असे वाटून मी हाताने खूण केली. तो जागचा हलला नाही. आवाज चढवून पुन्हा म्हणाला, "मेकमिन्सर?"

"अरे, ये म्हटले ना! आत ये."

पहिल्या रांगेतल्या एका मुलीला माझी दया आली. ती म्हणाली, "सर, कमिन म्हना. त्याबिगर तो नाय येनार."

वीस वर्षे मराठीचे अध्यापन केलेला हा माणूस मग मुकाट्याने "येस, कमिन" म्हणाला. पोरगा टुणकन आत आला आणि जागेवर जाऊन बसला.

गंमत म्हणून ही गोष्ट मी पुढे चार ठिकाणी सांगितली आणि लोक हसले. परंतु माझ्या डोक्यातून ती गेली नाही. कारण तोच पोरगा दुपारी आम्ही जेवत असताना पुन्हा आला होता. हातात त्याच्या आईने दिलेली पापडीच्या शेंगांची पिशवी होती. दारातून म्हणाला, "येव का?" आणि मी उत्तर देण्याच्या आत तो आत येऊन बसलाही होता. एकाच मुलाच्या दोन परवानग्या. घरची मराठी तो विचारता विचारता आत येतो. शाळेतली इंग्रजी बोलताना मात्र ठराविक उत्तर आल्याखेरीज पाऊल टाकत नाही. एक नुसते बोलणे होते, दुसरे कुलूप आणि किल्ली.

आपल्याकडे २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आले. त्यात मुलांना इंग्रजी किती आले याबद्दल विद्वानांत वाद आहेत आणि त्यात मी पडत नाही. एवढे मात्र खरे की, महाराष्ट्रातल्या कुठल्याही आडगावच्या शाळेत जा, दोन वाक्ये तुम्हाला हमखास ऐकू येतील. एक आत येण्याची परवानगी मागणारे आणि दुसरे बाहेर जाण्याची. इंग्रजी भाषेची आमच्या पोरांशी पहिली ओळख होते ती परवानगीची भाषा म्हणून.

मराठीत परवानगी मागायला वेगळा शब्दच लागत नाही. "येऊ का?", "बसू का?", "घेऊ का?" एवढे म्हटले की झाले. व्याकरणात हे आज्ञार्थाचे प्रथमपुरुषी रूप. आता स्वतःला कोण आज्ञा करणार? म्हणून ते रूप समोरच्याच्या तोंडाकडे पाहत उभे राहते. फार गोड रूप आहे हे. आणि त्याला द्यायचे उत्तर तर त्याहून गोड. पाहुणा उठून म्हणतो, "निघू का?" त्याला आपण "निघा" म्हणत नाही. म्हटले तर तो पुन्हा आपल्या घरची पायरी चढायचा नाही. आपण म्हणतो, "बरंय, या." जाण्याची परवानगी मागणाऱ्याला येण्याचे निमंत्रण देऊन वाटेला लावणारी भाषा जगात आणखी किती असतील कोण जाणे!

पण या गोडव्याची दुसरी बाजूही आहे. स्वच्छ नकार द्यायला आमची जीभ वळत नाही आणि स्वच्छ होकार द्यायलाही ती कचरते. मुलगी पाहून गेलेली मंडळी "कळवतो" म्हणाली की वधूपित्याने दुसरे स्थळ शोधायला लागावे. वडील "बघू" म्हणाले की मुलाने समजून असावे. आणि "तुला योग्य वाटेल ते कर" या वाक्याचा अर्थ तर कुठल्याही मराठी घरातले सहा वर्षांचे मूलही सांगेल की, केलेस तर याद राख.

आमच्या घरचाच दाखला देतो. गेल्या पावसाळ्यात मुलीच्या मैत्रिणींनी माळशेज घाटात जायचे ठरवले. तिने मला विचारले. मी वर्तमानपत्रातून डोके न काढता म्हटले, "बघू." ती म्हणाली, "बाबा, तुमचं बघू म्हणजे नो. मला एकदाच सांगा, यस की नो." मी ठेवणीतले अस्त्र काढले, "तुला योग्य वाटेल ते कर." ती आमचीच मुलगी! तिने विचारले, "म्हणजे परमिशन ग्रँटेड?" आता आली पंचाईत. बेसावधपणे मी म्हणालो, "ग्रँटेड." संध्याकाळी घाटात दरडी कोसळल्याची बातमी आली तेव्हा मला ती परवानगी मागे घ्यावीशी वाटली. पण आमच्या सौभाग्यवतींनीच निवाडा दिला, "एकदा ग्रँटेड म्हटल्यावर आता काय!" मराठीत दिलेला शब्द त्यांनी मला शेकडो वेळा फिरवू दिला आहे, हे इथे नमूद करून ठेवतो. (मैत्रिणींचा बेत पुढे त्यांच्या त्यांच्याच आयांनी रद्द केला. इंग्रजीची गरज पडली नाही.)

तेव्हा नवी पिढी "फायनल?", "डन?", "परमिशन आहे ना?" असे विचारते ते केवळ नटवेपणा म्हणून, असे मला आता वाटत नाही. आमच्या "बघू"ला कंटाळून ती पक्क्या शब्दाच्या शोधात परमुलखात गेली आहे.

आणि परमुलखात जाणे हेही नवे नाही. आपल्या परवानगीच्या शब्दांची कुळे काढून पाहा. परवानगी फारसी. मंजूर, मुभा, रजा हे मूळचे अरबी, फारसीच्या हाताला धरून आलेले. सही हीसुद्धा तशीच आलेली. ज्या काळी जो राज्य करी, त्याच्या भाषेत परवानगी मिळे, आणि कागदावरचा शब्द लोक घरी घेऊन जात. शिवाजी महाराजांनी हे ओळखले होते. रघुनाथपंत हणमंते यांच्याकडून त्यांनी 'राजव्यवहारकोश' करवून घेतला तो याच दुखण्यावर. दहा वर्गांच्या त्या कोशात फारसी-अरबी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिलेले आहेत. पुष्कळ शब्द रुजले नाहीत हे खरे, पण राज्याची परवानगी रयतेला कळेल अशा भाषेत असावी हा विचार साडेतीनशे वर्षांपूर्वी या मातीत झाला, ही गोष्ट लहान नव्हे.

मंजूर या शब्दाची तर मोठी मौज आहे. अरबीत त्याचा मूळ अर्थ 'पाहिलेला'. धन्याने अर्ज नजरेखालून घातला की तो मंजूर. आज कचेरीतला साहेब फायलीवर "पाहिले" असा शेरा मारतो, तोही इंग्रजी 'सीन'चे भाषांतर म्हणून. ज्यांनी सरकारदरबारी खेटे घातले आहेत त्यांना ठाऊक आहे की "पाहिले"इतका निरुपयोगी शेरा दुसरा नाही. अर्थ एकच, पण 'मंजूर'ने घर बांधता येते आणि 'पाहिले'ने नुसती फाइल पुढच्या टेबलावर जाते.

महाराष्ट्र राज्य झाल्यावर ६ जुलै १९६० रोजी भाषा संचालनालय स्थापन झाले. १९६४ साली राजभाषा अधिनियम झाला. इंग्रजी कारभार मराठीत आणायचा म्हणजे त्यातल्या परवानगीच्या वाक्यांना मराठी पोशाख शिवायचा. "याद्वारे मान्यता देण्यात येत आहे", "खालील अटींच्या अधीन राहून", "मान्यतेस्तव सविनय सादर", ही त्या शिंपीकामातली वस्त्रे. थोडी घट्ट बसतात, काखेत काचतात, पण अंग झाकते. लायसन्सला 'अनुज्ञप्ती' म्हटले, लोकांनी 'लायसन' म्हटले, आणि दोघेही आपापल्या जागी सुखी आहेत.

या सगळ्यांत माझा आवडता शब्द 'ना हरकत'. 'नो ऑब्जेक्शन'चे हे मराठी. पण यात मराठी ते काय? 'ना' फारसी, 'हरकत' अरबी, आणि कल्पना इंग्रजी! अरबीत हरकत म्हणजे हालचाल. हिंदीत गेली आणि ती खोडी झाली. मराठीत आली ती अडथळा होऊन बसली. आता तुम्हाला घर विकायचे असो, वीज घ्यायची असो, मंडप घालायचा असो, कोणाची ना कोणाची हरकत नसल्याचा दाखला लागतो. आणि कचेरीतल्या टिपणीत तर याचाही कळस आहे. कारकून लिहितो, "प्रस्तावास मान्यता देण्यास हरकत नसावी." हरकत 'नाही' असे तो म्हणत नाही. 'नसावी.' उद्या निघालीच हरकत तर ती माझी नव्हे, असे हात झटकून ठेवलेले वाक्य. इंग्रजी सूत्राचा ठामपणा काढून त्यात आमचा "बघू" बेमालूम भरण्याची ही करामत मराठी कारकुनाचीच.

इथवर सारे थट्टेचे झाले. पण गेल्या वर्षी माघात माझ्या एका विद्यार्थिनीचा दूरध्वनी आला आणि 'हरकत' या शब्दाकडे मला जरा निराळ्या डोळ्यांनी पाहावे लागले.

मुलगी शहापूर तालुक्यातली, किन्हवलीच्या अलीकडच्या एका गावची. कुणब्याचे घर, थोडी भातशेती. घरात पदवीच्या वर्गापर्यंत आलेली ती पहिली. तिने विचारले, "सर, इर्रिव्होकेबल म्हणजे काय?" मी म्हटले, "जे मागे घेता येत नाही ते. का ग?" ती थोडा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, "बाबांनी उद्या सही करायचीय."

हकीकत अशी. शहापूर-मुरबाडच्या पट्ट्यात आता मुंबईकरांचे फार्महाउस म्हणून तुकडे घेणे फार चालते. हवा चांगली, माहुलीचे सुळके समोर, मुंबईहून दोन-अडीच तासांची वाट. तिच्या वडिलांच्या शेतामागचा तुकडा अशाच एका गृहस्थाने घेतला होता. बांधकामाच्या विटा-वाळूची गाडी न्यायला वाट हवी. एजंट चहाला आला आणि म्हणाला, "काका, तुमच्या बांधावरनं गाडी नेली तर चालेल ना?" काका म्हणाले, "काय हरकत नाय. न्या की." माघ महिना, शेत मोकळे, शेजारधर्म. यात विचार कसला करायचा? पंधरा दिवसांनी तोच एजंट स्टॅम्प पेपर घेऊन आला. "तुम्ही हो म्हणालात, त्याचीच ही फॉर्मॅलिटी."

मुलीने कागदाचा फोटो मला पाठवला. दोन पाने इंग्रजी. "आय हिअरबाय गिव्ह माय फ्री, अनकंडिशनल अँड इर्रिव्होकेबल कन्सेंट", अशी सुरुवात. वीस फूट रुंद रस्ता. कायमचा. गृहस्थाला, त्याच्या वारसांना आणि तो ज्यांना विकेल त्या सर्वांना. बैलगाडीच्या चाकोरीएवढी "काय हरकत नाय" इंग्रजीत जाऊन वीस फुटांची झाली होती.

मी मराठीचा माणूस, कायदा मला काय कळतो! कल्याणला माझा एक जुना विद्यार्थी वकिली करतो, त्याच्याकडे गेलो. त्याने फोटो पाहिला आणि मला म्हणाला, "सर, १८७२च्या करार कायद्यात संमतीची व्याख्या आहे. दोघांनी एकाच गोष्टीला एकाच अर्थाने मान्यता दिली तर ती संमती. इथे गोष्टही एक नाही आणि अर्थही एक नाही. पण सही झाल्यावर हे सिद्ध करत बसायला काकांचे उरलेले आयुष्य जाईल."

मग त्याने मला जे समजावले ते ऐकून मी चकित झालो. वहिवाटीचे हक्क, म्हणजे दुसऱ्याच्या जमिनीतून जाण्यायेण्याचे वगैरे, यांचा कायदा १८८२ सालचा आहे. तो सांगतो की एखादी वाट कोणी हक्क म्हणून, उघडपणे, शांतपणे, अडथळ्याशिवाय वीस वर्षे वापरली तर ती त्याच्या हक्काची होते. अडथळ्याशिवाय, म्हणजे आपल्या जुन्या खरेदीखतांत 'विनाहरकत' लिहितात तसे. मालक वीस वर्षे गप्प राहिला की त्याच्या गप्प बसण्यातून दुसऱ्याचा हक्क उगवतो. परंतु मालकाने "तू माझ्या परवानगीने ये" असे स्पष्ट सांगितले तर तो वापर हक्काचा राहत नाही, परवानगीचा होतो, आणि परवानगीचा वापर कितीही वर्षे चालला तरी त्यातून हक्क निघत नाही. ही परवानगी मालकाला एरवी मागेही घेता येते. अपवाद असा की परवानगीच्या भरवशावर समोरच्याने पैसे घालून पक्के काम केले तर ती मागे घेता येत नाही. "कायमचा हक्क लिहून द्यायचा तर नोंदणी लागते," वकील म्हणाला, "आणि हा कागद नोंदवलेला नाही. पण याच्या जोरावर त्याने खडी-डांबर ओतलं की काका अडकले."

म्हणजे पाहा. मी आजवर समजत होतो की जमीन वाचवायची तर परवानगी नाकारावी लागते. कायदा म्हणतो, स्वच्छ शब्दांत परवानगी द्या, तीच तुमची जमीन वाचवील. घात होतो तो संदिग्ध "बघू"मध्ये आणि मोघम "काय हरकत नाय"मध्ये.

रविवारी सकाळी कसारा गाडीने आसनगावला उतरलो. तिथून शहापूर जवळच, आणि पुढे जीप. वाटेत भातसा धरणाकडे जाणारा फाटा लागला. या तालुक्याने मुंबईला १८९२ सालापासून पाणी पाजले आहे. आधी तानसा, मग वैतरणा, मग भातसा. खुद्द तालुक्यातल्या बायका मात्र चैत्र-वैशाखात टँकरची वाट पाहताना दिसतात. शहापूर तालुका सबंध आणि मुरबाडातली काही गावे अनुसूचित क्षेत्रात येतात. अशा क्षेत्रात जमीन संपादन करण्यापूर्वी ग्रामसभेशी किंवा पंचायतीशी विचारविनिमय करावा, असे १९९६च्या पेसा कायद्यात आले. २०१३च्या भूसंपादन कायद्याने त्या जागी 'पूर्वसंमती' हा शब्द घातला. विचारविनिमय आणि संमती यांत किती अंतर आहे? "विचारले" आणि "हो म्हणाले" यांत असते तेवढे. त्या एका शब्दाला सतरा वर्षे लागली. तानशाच्या वेळी कोणाला काय विचारले असेल, या विचारात मी जीपमधून उतरलो.

घरी काका ओटीवर बसले होते. मी कागदाचा अर्थ सांगितला. त्यांना राग आला नाही, नवल वाटले. "मी न्या म्हनलो म्हंजे नेऊन मोकळा हो असं म्हनलो. ऱ्हा कुठं म्हनलो?" "या" या शब्दाचा आमच्या सबंध संस्कृतीतला अर्थ त्या माणसाने एका वाक्यात सांगितला होता. मी म्हटले, "मग त्याला नाही म्हणून सांगा." त्यावर ते पायाच्या अंगठ्याने शेणाने सारवलेली जमीन उकरीत बसले. शेजारी झालेल्या माणसाला तोंडावर नाही कसे म्हणायचे? आणि गाडीभर वाळूला नाही म्हणण्यासारखे त्यांचे काही जातही नव्हते. त्यांना नाही म्हणायचेच नव्हते! त्यांना फक्त तेवढेच हो म्हणायचे होते, जेवढे ते म्हणाले होते.

तेव्हा ठरले की मराठीत कागद करायचा. मी मोठ्या उत्साहाने लेखणी काढली आणि लिहिले, "शेजारधर्मास अनुसरून व परस्परांतील स्नेहभाव वृद्धिंगत व्हावा या हेतूने..." मुलीने तो कागद वाचला आणि अदबीने माझ्या हातून काढून घेतला. "सर, हे छान आहे. पण यात गाडी कुठनं जाणार ते नाही." मी वरमलो. तलाठ्याकडे सातबारा आणि फेरफारांसाठी आईबरोबर खेपा घालून घालून त्या मुलीला जी मराठी आली होती, ती मी एम.ए.ला शिकलो नव्हतो. तिने लिहायला घेतले. गट नंबर इतका. पश्चिमेच्या बांधाच्या कडेने. आठ फूट रुंद. फक्त बांधकामाच्या सामानाची गाडी. अक्षय्य तृतीयेपर्यंत. ("सर, तारीख पण टाकते.") खडी, डांबर, मोरी असले पक्के काम करायचे नाही. ही जमीनमालकाने दिलेली परवानगी असून त्यावरून वहिवाटीचा वा अन्य कोणताही हक्क उत्पन्न होणार नाही. मालक ती केव्हाही बंद करू शकतो. शेवटच्या ओळीत तिने "हरकत नाही" लिहिले होते. ते तिनेच खोडले आणि "परवानगी दिली आहे" असे केले.

माझ्याकडे एकच काम उरले, शुद्धलेखनाचे. एक वेलांटी सुधारून मी लाज राखली.

दुपारी एजंट आला. तो वाईट माणूस नव्हता. शेजारच्याच गावचा, हसतमुख, गळ्यात माळ. मराठी कागद पाहून म्हणाला, "पार्टीला मराठी येत नाय, काका. आन् इंग्लिशमधी असलं म्हंजे पक्कं ऱ्हातं." काका सवयीने म्हणाले, "बघू." एजंटने ते ऐकले आणि इंग्रजी कागद पुढे सरकवला. तोही याच मुलखातला. "बघू"चा अर्थ त्याला कळला नसेल असे मी मानत नाही. परंतु संदिग्ध शब्दाचा हाच तर उपयोग आहे, ज्याला जसा हवा तसा त्याने घ्यावा. तेवढ्यात आतून मुलगी आली. कागद उचलून त्याच्या हातात परत देत म्हणाली, "दादा, याला बाबांची परवानगी नाही. या मराठी कागदाला आहे. पार्टीला वाचून दाखवा." आवाज चढवला नाही की इंग्रजी शब्द वापरला नाही. काका माझ्याकडे पाहत राहिले. बाई माणसाने असे तोडून बोललेले त्यांना रुचले की नाही ते चेहऱ्यावरून कळेना. चहाचे कप आत न्यायला ते स्वतः उठले, एवढे मी पाहिले.

एजंटने आमच्या कागदाचा मोबाइलवर फोटो घेतला आणि तो गेला. आठ दिवसांनी व्हॉट्सॲपवर पार्टीचे उत्तर आले, "ओके." मुलीने मला विचारले, "सर, हे ओके म्हणजे सही करणार, की नुसतं पाहिलं?" मी म्हटले, "मंजूर." ती म्हणाली, "सही होईपर्यंत गाडी सोडत नाही."

सही झाली. गृहस्थ स्वतः आले होते. गुजराती होते आणि मराठी बऱ्यापैकी बोलत होते, असे तिने पुढे सांगितले. वाळू-विटांच्या गाड्या चैत्रभर गेल्या. अक्षय्य तृतीया झाल्यावर चार दिवसांनी काकांनी बांधाच्या तोंडाशी काट्यांची झाप लावली आणि मृगात बांधाकडेची चाकोरी नांगरून टाकली. कागद पत्र्याच्या पेटीत, सातबाऱ्याशेजारी आहे.

आषाढात आवणाच्या वेळी मी पुन्हा त्या घरी गेलो होतो. पाऊस धरून होता. आम्ही ओटीवर बसलो असता बांधाच्या तोंडाशी एक पांढरी मोटार येऊन थांबली. घराच्या वास्तुशांतीचे सामान असावे, मागे केळीचे खांब बांधलेले दिसत होते. सरकारी शिवरस्त्याला गुडघाभर चिखल झाला होता. काच खाली करून गृहस्थांनी हाक मारली, "काका, जाऊ का?"

काका डोक्यावर इरले घेऊन पावसात उतरले. झाप बाजूला ओढली आणि म्हणाले, "आजच्या दिस जावा."